पदकाचा काठ

मागे एका तालुक्याच्या गावी दोन महायुद्धांविषयी बोलण्याचा प्रसंग आम्हांला आला होता. व्याख्यान संपले, सतरंज्या गुंडाळल्या जाऊ लागल्या, आणि पुढच्या रांगेतले एक प्रौढ गृहस्थ रुमालाची पुरचुंडी हातात घेऊन व्यासपीठाशी आले. पुरचुंडीत पाच बिल्ले होते. एक ताऱ्याच्या आकाराचा, चार वाटोळे. एकाला तेवढी फितीची चिंधी लोंबत होती, बाकीचे उघडे.

"आमच्या आबांचे आहेत," ते म्हणाले. "आबा म्हणजे आजोबा. दोन्ही लढायांत होते. आम्हांला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हे कशाबद्दल मिळाले? आणि दुसरी अशी की, आबा तुर्कांच्या कैदेत होते असे घरात सांगतात. तर त्या कैदेचा बिल्ला यांतला कोणता?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिथल्या तिथे देऊ शकलो. दुसऱ्याचे देताना मात्र अडखळलो. त्या दिवशी दहा मिनिटांत जे धड सांगता आले नाही ते येथे सविस्तर सांगावे असा विचार आहे; कारण अशा पुरचुंड्या सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर या जिल्ह्यांत अजून कितीतरी घरांत आहेत, आणि श्रोत्यांपैकी काहींच्या घरी त्या असतीलच.

आधी एक गैरसमज दूर करू. छातीवर पदक दिसले की आपण म्हणतो, 'शूर हो!' शूर तो असेलही. परंतु बहुतेक पदके शौर्याबद्दल दिलेली नसतात. पदकांच्या मुख्य जाती दोन. अमुक माणसाने अमुक दिवशी अमुक कृत्य केले म्हणून मिळते ते शौर्यपदक. अमुक मुलुखात, अमुक काळात फौजेबरोबर हजर होता म्हणून मिळते ते मोहिमेचे पदक. हे दुसरे पदक मागून मिळत नाही आणि गाजवूनही मिळत नाही. नियमात बसले की सेनापतीपासून शिपायापर्यंत सर्वांना तेच, त्याच आकाराचे. आबांची पाचही पदके या दुसऱ्या जातीची होती. हे ऐकून त्या गृहस्थांचा चेहरा किंचित उतरला, हे आम्ही पाहिले. पण मोहिमेच्या पदकात एक गुण असा आहे की जो शौर्यपदकातही नसतो. ते नीट वाचले तर माणूस कोठे होता, केव्हा होता, आणि कोठे नव्हता, हे ते सांगते. लिहिता-वाचता न येणाऱ्या शिपायाची तीच बखर.

आता ती वाचायची कशी ते पाहू.

ताऱ्यापासून आरंभ करू. ब्राँझचा तारा, त्याला तीन टोके, चौथ्या टोकाच्या जागी राजमुकुट, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी आणि मध्ये फितीवर लिहावे तसे '१९१४-१५'. ५ ऑगस्ट १९१४ ते ३१ डिसेंबर १९१५ या काळात जो रणक्षेत्रात पोहोचला त्याला हा तारा. त्याचाच एक थोरला भाऊ आहे, त्यावर नुसते '१९१४' असते. तो १९१४ च्या नोव्हेंबरपर्यंत फ्रान्स-बेल्जियममध्ये लढलेल्यांचा. खडकीच्या सॅपर्स पलटणीच्या दोन कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी शीख पलटणीच्या जोडीने न्यू शापेल गावावर चाल केली होती आणि त्यांत त्यांची फार हानी झाली. त्यांच्यातले जे वाचले त्यांच्या घरी हा थोरला तारा असावयाचा. आपल्या बाजूच्या मराठा पलटणी मात्र मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या, म्हणून आपल्याकडे धाकटा ताराच अधिक आढळतो.

दुसरे पदक चांदीचे. एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला पुरुष. घोड्याच्या टापांखाली शत्रूची गरुडाची ढाल आणि एक कवटी. तो स्वार म्हणजे इंग्रजांचा संत जॉर्ज. आमच्या गृहस्थांच्या घरी ही ओळख कोणालाच नव्हती. घोडेस्वार, पायाखाली शत्रू, आणि चांदीचा पत्रा, एवढ्यावरून आजीने तो खंडोबाचा टाक ठरवून देव्हाऱ्यात ठेवला होता, आणि कित्येक वर्षे राख-चिंचेने घासून त्याची पूजा झाली होती! आम्हांला हसू आले, आणि दुसऱ्याच क्षणी हळहळही वाटली. का, ते पुढे सांगतो. हे पदक १९१९ मध्ये ठरले, याला ब्रिटिश युद्धपदक म्हणतात, आणि चांदीची अशी सुमारे पासष्ट लाख पदके वाटली गेली.

तिसरे पिवळ्या धातूचे, विजयपदक. त्यावर पंख असलेली विजयदेवता आहे आणि पाठीवर 'संस्कृतीसाठी झालेले महायुद्ध, १९१४–१९१९' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे. त्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची, तीही दुहेरी. लढाई १९१८ च्या नोव्हेंबरात थांबली असता १९१९ कसे, असे पुष्कळ जण विचारतात. तहावर सह्या १९१९ मध्ये झाल्या आणि तोवर इंग्रजी फौजा रशियात लढतही होत्या, म्हणून.

ही तीन पदके एकत्र असली की समजावे, हा माणूस १९१५ संपण्यापूर्वी आघाडीवर पोहोचला होता. तारा नसून नुसती दोन वाटोळी असली तर तो १९१६ किंवा त्यानंतर गेला. ताराच हाती लागला आणि बाकीची दोन नाहीत, असे असेल तर ती हरवली किंवा विकली गेली असे निश्चित म्हणावे. कारण तारा एकट्याने कधीच दिला जात नसे.

परंतु पदकाचा खरा मजकूर छाप्यावरही नसतो नि काट्यावरही नसतो. तो काठावर असतो. वाटोळ्या पदकाच्या कडेला, रुपयाच्या नाण्याला जेथे दाते असतात तेथे, बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ताऱ्याला काठ नाही, म्हणून त्याच्या सपाट पाठीवर. अक्षरे कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली. आडनाव असेलच असे नाही. असले तर पवारांचा पोवार झालेला असावयाचा. 'मराठा' शब्दही त्या वेळच्या इंग्रजी रीतीने एक जादा 'एच' घालून लिहिलेला. तरी हाच तो मजकूर. देव्हाऱ्यातला बिल्ला राख-चिंचेने घासला गेला याची हळहळ ती याचसाठी. चांदी लखलखीत झाली, आणि काठावरची निम्मी अक्षरे त्याबरोबर धुऊन गेली. ज्यांच्या घरी अशी पदके असतील त्यांनी ती घासू नयेत. काळी पडली तर पडू द्यावीत.

सुदैवाने तारा ब्राँझचा, तो कोणी देव म्हणून मांडला नव्हता. त्याची पाठ भिंगाने पाहिली तेव्हा नंबर लागला, 'सिपॉय' लागले, नाव लागले, आणि शेवटी '११०' हा आकडा लागला. एकशे दहावी मराठा लाइट इन्फन्ट्री!

येथे पदक बोलू लागले. कसे ते पाहा. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमधून ही पलटण १९१४ च्या अखेरीस बसऱ्याकडे उतरली. वर्षभरात ही फौज जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने चढत गेली. १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफॉन येथे तुर्कांनी तिला थोपवले, आणि ती मागे हटत कूत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावी आली. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांचा वेढा पुरा झाला. आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. आता ताऱ्याचा नियम आठवा: ३१ डिसेंबर १९१५ च्या आत रणक्षेत्रात. ज्याच्या ताऱ्यावर ११० आहे तो पलटणीबरोबर १९१५ मध्येच मेसोपोटेमियात होता. म्हणजे एकतर तो वेढ्यात सापडला, किंवा त्याआधीच जखमी वा आजारी होऊन मागे आला. तिसरी वाट फारशी नाही. घरातली तोंडी हकिकत आणि ताऱ्याची पाठ एकमेकांना मिळाली.

वेढा १४७ दिवस चालला. सोडवणुकीला आलेली फौज पुन्हा पुन्हा चालून आली आणि पुन्हा पुन्हा परतली. आत जवाचे पीठ रोज कमी होत गेले. घोड्यांचे मांस होते, पण हिंदी शिपायांनी धर्मामुळे ते कितीतरी दिवस नाकारले, आणि त्यांच्यात हिरड्या सुजण्याचा रोग पसरला. शेवटी शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकण्यात आली. युद्धात असा प्रयत्न पूर्वी झाला नव्हता. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. कैद्यांना उन्हातान्हात चालवत बगदाद, मोसुल आणि पुढे वाळवंटातल्या रास-अल-ऐनपर्यंत नेले. पुष्कळ हिंदी शिपायांना तेथे रेल्वेच्या बांधकामावर जुंपले. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले. जनरल टाउनशेंड यांची व्यवस्था निराळी लागली. त्यांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात ठेवले होते, आणि कैदेत असतानाच त्यांना इंग्लंडच्या बादशहाकडून 'सर' हा किताब मिळाला.

आणि शिपायाला? आता त्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न. कैदेचा बिल्ला यांतला कोणता? कोणताच नाही. कूतच्या वेढ्यात जो उपाशी राहिला, रास-अल-ऐनला ज्याने रुळांखालची माती टाकली, त्याला मिळाले ते तीन बिल्ले आणि बसऱ्याच्या गोदामात हिशेब लिहीत बसलेल्याला मिळाले ते तीन बिल्ले यांत तिळमात्र फरक नाही. चांदीच्या पदकावर प्रत्येक लढाईच्या नावाची एकेक पट्टी लावावी असा बेत आरंभी होता. यादीही झाली होती. पण खर्च फार होईल म्हणून तो बेत सोडून देण्यात आला. पट्ट्या निघाल्या असत्या तर 'कूत' हा शब्द आबांच्या छातीवर कदाचित आला असता. आमचे उत्तर ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे सरकारदरबारी आबा कैदेत नव्हतेच म्हणा!" कागदोपत्री होते, असे आम्ही सांगितले. पण कागद लंडनला, आणि बिल्ले देव्हाऱ्यात.

बरे, जे कैदेत मेले त्यांचे काय? बसऱ्याला १९२९ मध्ये एक भव्य स्मारक उघडले गेले. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचे ते स्मारक. (१९९७ मध्ये ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभे केले.) गोऱ्या शिपायांची नावे त्यावर एकूणएक कोरली गेली. हिंदी पलटणींच्या खाली अधिकाऱ्यांची नावे कोरली, सुभेदार-जमादारही त्यांत आले. पण हवालदार, नाईक, शिपाई यांच्या वाट्याला 'आणि इतके इतर हिंदी सैनिक' असा आकडा आला. युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाने २०२१ मध्ये याची चौकशी करून जाहीर माफी मागितली. आपल्याकडच्या गावांतही पाहा. सातारा-रत्नागिरी भागातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर किंवा चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडेच. नावे नाहीत.

तेव्हा ध्यानात घ्या की पहिल्या महायुद्धात शिपायाचे नाव जर कोठे धातूत किंवा दगडात उठले असेल, तर ते बहुधा या बिल्ल्याच्या काठावर. जो मेला त्याच्या घरी बिल्ल्यांबरोबर आणखी एक वस्तू येत असे, सुमारे अर्ध्या वितीची अशी ब्राँझची वाटोळी तबकडी. तिच्यावर नाव आहे, पण हुद्दा मुद्दाम वगळलेला. मरणात सारे सारखे, ही त्यामागची कल्पना. चांगली कल्पना खरी. पण नुसते नाव, पलटण नाही, गाव नाही. त्यावरून 'रामा' कोणता, हे कोणी कसे ओळखावे?

सारखेपणाची गोष्ट निघाली म्हणून एक सांगून टाकतो. मोहिमेचे पदक सर्वांना सारखे, असे आम्ही वर म्हटले. त्याला एक अपवाद आहे. तेच चांदीचे ब्रिटिश युद्धपदक सुमारे एक लाख दहा हजार माणसांना ब्राँझमध्ये दिले गेले. छाप तोच, बादशहा तोच, घोडा तोच, धातू मात्र हलका. कोणाला? ज्यांनी बंदूक न घेता ओझी वाहिली, खंदक खणले, रस्ते केले अशा चिनी, माल्टी आणि हिंदी मजूर-पथकांतल्या लोकांना. पेशवाईत फौजेमागून चालणाऱ्यांना आपण बुणगे म्हणत होतो, तेव्हा इंग्रजांना एकट्यानेच दोष देण्याचे कारण नाही. पण ज्यांच्या घरी काळपट ब्राँझचा घोडेस्वार असेल त्यांनी तो नकली समजून फेकू नये. सराफ त्याला कवडी देणार नाही. चांदीच्या पदकात एक औंस, म्हणजे अडीच तोळ्यांहून थोडी अधिक चांदी आहे, आणि त्यामुळेच ती पदके आटवली गेली; ब्राँझची त्यामानाने वाचली, पण ती मुळातच थोडी. अशीच दुर्मिळ म्हणून काठावर '१११ महार' असे वाचावयास मिळाले तर ते जपावे. ही पलटण १९१७ मध्ये उभारली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. चारच वर्षांचे तिचे आयुष्य. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहावयास १९४१ साल उजाडले.

शौर्यपदकांत तर हुद्द्याची वाटणी उघडच होती. डी.एस.ओ. हे पदक बादशाही सनदेच्या अधिकाऱ्यांसाठी. मिलिटरी क्रॉस अधिकाऱ्यांना, त्यांत सुभेदार-जमादारही आले. शिपायासाठी १८३७ पासून 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' आणि १९०७ पासून 'इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल' अशी निराळी पंगत. सर्वांत श्रेष्ठ तो व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये निघाला, पण हिंदी सैनिकाला त्याचे दार १९११ च्या दिल्ली दरबारात उघडले. म्हणजे 'ऑर्डर ऑफ मेरिट' ही त्याच्याहून वयाने वडील, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता दुसऱ्या युद्धाकडे वळू. १९२२ मध्ये हिंदी फौजेची नवी मांडणी झाली. साऱ्या मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री या एका रेजिमेंटखाली आल्या, आणि कूतमध्ये उपाशी राहिलेली ११० वी तिची तिसरी पलटण झाली. कागदावर '३/५ मराठा' असे दिसले की ती हीच. 'तीन पंचमांश' नव्हे!

याच ३/५ चा एक सेनानी दोन्ही युद्धांचा म्हणून येथे आठवतो: डेनिस रीड. पहिल्या महायुद्धात तो तरुण अधिकारी होता. १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर इटालियन फौजेने वाट अडवली तेव्हा तो ३/५ मराठाचा प्रमुख होता. १५ मार्चला दिवसा एका स्कॉटिश पलटणीचा हल्ला उन्हात आणि गोळीबारात थिजला. त्या रात्री मराठ्यांनी 'पिनॅकल' नावाचा सुळका चढून घेतला. सह्याद्रीच्या कडेकपारीत वाढलेल्या पोरांना डोंगर काय नवा! पण वर इटालियन होते आणि खाली सपाट, हे विसरू नये. २७ मार्चला केरेन पडले. रीड पुढे ब्रिगेडियर झाला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लिबियातले जालो हे वाळवंटातले ठाणे त्याने घेतले, १९४२ च्या जूनमध्ये तो जर्मनांच्या हाती सापडला, इटलीतल्या कैदेतून निसटला, आणि १९४४ मध्ये इटलीतच दहाव्या हिंदी डिव्हिजनचा प्रमुख झाला. डी.एस.ओ. आणि मिलिटरी क्रॉस ही दोन्ही पदके त्याने दोन-दोन वेळा मिळवली. पदक दुसऱ्यांदा मिळाले की नवे देत नाहीत, फितीवर आडवी पट्टी चढवतात.

केरेनच्या लढवय्यांना जो तारा मिळाला तो 'आफ्रिका स्टार'. सहा टोकांचा, वाळवंटाच्या रंगाच्या फितीचा. दुसऱ्या महायुद्धाचे असे आठ तारे ठरले. एकाला पाचांहून अधिक मिळत नसत. इटलीच्या ताऱ्याची फीत इटलीच्याच निशाणाच्या रंगांची, ब्रह्मदेशाच्या ताऱ्याच्या फितीत नारिंगी पट्ट्यांनी सूर्य सुचवलेला. आफ्रिकेच्या ताऱ्यावर काहींना '८' हा आकडा लावण्याचा मान होता, आठव्या सैन्याची खूण. पण तारीख कोणती धरली? २३ ऑक्टोबर १९४२ पासून पुढची. म्हणजे माँटगोमरीच्या विजयापासूनची. त्याआधी दीड-दोन वर्षे जे वाळवंटात लढले, हरले, कैद झाले, त्यांच्या ताऱ्यावर आठ नाही, मग तो ब्रिगेडियर असो वा शिपाई. विजयाच्या तारखेपासून मोजण्याची ही खोड पदके ठरवणाऱ्यांना फार जुनी आहे.

रीडच्या दहाव्या डिव्हिजनमध्ये त्याची जुनी ३/५ मराठा होतीच. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात या पलटणीच्या एका तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुटली. तुकडीचा नाईक यशवंत घाडगे वगळता सारे मेले किंवा जखमी झाले. तो एकटा धावून गेला, हातबाँबने तोफ आणि तोफवाला उडवला, एकाला गोळीने टिपले, आणि गोळ्यांचा डबा बदलण्यास वेळ नाही असे पाहून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. मग लपून बसलेल्यांच्या गोळ्यांनी तो पडला. माणगाव तालुक्यातला हा बावीस वर्षांचा जवान. त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस १९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉयच्या हातून त्याच्या पत्नीने घेतला. त्याचे थडगे नाही. पण कासिनोच्या स्मारकावर त्याचे नाव कोरलेले आहे. बसऱ्याला ज्याच्या पलटणीच्या शिपायांचा आकडा झाला, त्याच पलटणीचा नाईक अठ्ठावीस वर्षांनी नावाने उभा राहिला. एवढा फरक मधल्या काळात पडला होता.

मात्र पदकांच्या बाबतीत गाडी उलटी गेली. पहिल्या युद्धाची पदके नावाची, तर दुसऱ्या युद्धात ब्रिटनमधील सैनिकांना सारे तारे आणि पदके बिननावी, पेटीतून टपालाने पाठवली गेली. हिंदुस्थानात दिलेल्या पुष्कळ पदकांवर नंबर आणि नाव आढळते. पण सर्वांवर नाही. बिननावी पदक पुरचुंडीबाहेर गेले की ते कोणाचेच नाही.

आबांची चौथी आणि पाचवी पदके याच युद्धातली. चौथ्यावर सिंह एका दोन तोंडांच्या राक्षसी सापावर उभा आहे. हे युद्धपदक, २८ दिवस पूर्ण वेळ नोकरी झालेल्या कोणालाही. पाचव्यावर हिंदुस्थानचा नकाशा, अखंड, सिंध-बंगालसह. ते 'इंडिया सर्व्हिस मेडल', १९४६ मध्ये काढलेले, हिंदुस्थानातच तीन वर्षे बिनलढाऊ नोकरी केलेल्यांसाठी. तारा एकही नाही. यावरून काय वाचावे? आबा दुसऱ्या युद्धात आघाडीवर गेले नाहीत. १९१५ चा शिपाई १९४० मध्ये पंचेचाळिशीच्या आसपास आलेला. अशा निवृत्त जवानांना दारूगोळ्याच्या कोठारांवर, पुलांवर, कैद्यांच्या छावण्यांवर पहाऱ्यासाठी परत बोलावले जात असे. गृहस्थांना हे ठाऊक नव्हते. घरात सांगत ते असे की आबा दुसऱ्या लढाईत 'लांब कोठेतरी' होते. आम्ही एवढेच म्हणालो की लांब असतील, पण देशातच असतील. आणि पहारा कैद्यांच्या छावणीवर असलाच, तर पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः तारेच्या आत राहिलेला माणूस आता तारेच्या बाहेर बंदूक घेऊन उभा होता. हा शेवटचा आमचा तर्क, पदकात तो लिहिलेला नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगितले.

ते काही बोलले नाहीत. मग भिंग मागून घेतले आणि देव्हाऱ्यातला चांदीचा बिल्ला दिव्याखाली धरून काठ फिरवू लागले. नंबरचे दोन आकडे उरले होते. हुद्दा गेला होता. नावातली तीन इंग्रजी अक्षरे लागली, आणि पलटणीचा शेवटचा शून्य. ताऱ्याच्या पाठीशी ती अक्षरे त्यांनी दोनदा ताडून पाहिली. निघताना चार बिल्ले पुन्हा रुमालात बांधले. हा एक मात्र वेगळ्या कागदात गुंडाळून वरच्या खिशात ठेवला, आणि विचारले, की खंडोबा म्हणून याच्यावर हळद-कुंकू वाहिले तर चालेल ना, घासले नाही म्हणजे झाले? हळद चालेल, असे आम्ही सांगितले. काठावर तेवढी लावू नका.